पडद्यावरची माझी ओळ

वही दोनदा उघडली आणि दोनदा मिटली. आता दार लोटून बसले आहे. जे लिहिणार आहे ते या घरात कुणाच्या कानावर गेलेलं नाही — ह्यांच्या नाही, लेकीच्या नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी ते शब्दांत आणलेलं नाही, नुसतीच मान खाली घातली. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय माझ्याच्यानं लिहवत नाही. म्हणून तुम्हाला बसवून घेते.

माझं शिक्षण चौथी. लिहिणं मला जमतं, बोलणं नाही. चार माणसं समोर आली की मी कामाचं निमित्त काढून उठते. सासूबाई म्हणायच्या, “शेवंताला देवानं जीभ दिलीय का नुसते दात?” मी हसायचे. हसलं की बोलावं लागत नाही, हे मी लहानपणीच शिकले.

तर — नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. हे सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाली करायचे आणि मी एका संस्थेच्या केंद्रात कामाला होते. झाडलोट, पाणी, चहा, आलेल्यांना बसवणं. संस्थेचं मुलींचं वसतिगृह साताऱ्याला होतं. खेड्यापाड्यातल्या, शाळेची सोय नसलेल्या मुली तिथं राहून शिकायच्या. वेळेत अर्ज पुरा झाला की जागा मिळायची, नाहीतर ते वर्ष गेलं. आधी अर्ज कागदावर असायचे. मग इस्लामपूरच्या अनुराधा मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, शिकलेल्या, आणि मला पहिल्या दिवसापासून “शेवंताबाई” म्हणणाऱ्या. त्यांनी अर्ज कॉम्प्युटरवर आणला.

मला त्यातलं काय कळणार? पण मॅडम हातातलं काम सोडून समजावून सांगायच्या. “बाई, हे पान आपल्या मशीनमध्ये नाही. ते साताऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. फोनच्या तारेवरून इथं येतं, आपण भरलं की परत तिकडं जातं.” पाच पानांचा अर्ज. मुलगी खुर्चीत बसल्यापासून ते मशीन तिला ओळखत असतं, कुठल्या पानावर काय लिहिलं ते ध्यानात ठेवतं. त्या ओळखीला मॅडम सेशन म्हणायच्या. अर्ज अर्धाच राहिला, दाखला आणायचा राहिला, तर मशीन एक नंबर द्यायचं. तो चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. परत आल्यावर नंबर घातला की पहिलं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं पुढं.

मला ऐकताना मेंढराच्या कानाची खूण आठवली. कळपात कळप मिसळला तरी कान बघितला की कुणाचं ते कळतं. पण मी ते बोलले नाही. का बोलले नाही ते पुढं येईलच.

आता, ती ओळख कधीकधी लागायची नाही. फोनची तार खराब असायची, पान मध्येच लटकायचं. नाहीतर नंबर जुना झालेला असायचा — अर्धे अर्ज आठ दिवसांनी आपोआप पुसले जायचे, मॅडमनी तसं ठेवलं होतं, नाहीतर मशीन भरून जाईल म्हणून. मग पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी यायचं. दोन ओळी. बायका घाबरायच्या. एकीनं तर दोन्ही हात वर केले होते, पोलीस आल्यासारखे. “आवं बाई, ह्ये लाल लाल काय आलं? म्या काय मोडलं न्हाई हां! नुसतं बोट ठिवलं!” मग मी जायचं, सांगायचं — तुमचं काही चुकलेलं नाही, लिहिलेलं गेलंय, परत लिहू. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. कुणी चिडायचं. एक बाप्या म्हणाला होता, “मग तुमी हितं कशाला बसलाय, हवा खायाला?” दिवसात दोन-तीनदा हे व्हायचं, आणि लाल अक्षरं दिसली की मला जागेवरून उठायलाच नको वाटायचं.

मोडलेलं दुरुस्त करणं अवघड नव्हतं, एवढं मला मान्य केलंच पाहिजे. मॅडमनी सोय केली होती. प्रत्येक मुलीची माहिती आधी एका कागदावर लिहून घ्यायची, कच्चा कागद म्हणायचो आम्ही त्याला. लिहायचे मीच. तो कपाटातल्या फाइलीत राहायचा. मशीन विसरलं तर कागद काढायचा आणि त्यावरून परत भरायचं. मॅडमनी मला एका बोटानं मराठी टाइप करायला शिकवलं होतं. अर्धा तास लागायचा. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

एक दिवस मॅडमनी मला मशीनपुढं बसवलं. म्हणाल्या, “बाई, ते लाल इंग्रजी मी काढतेय. मराठीत लिहिणार. बायका तुमच्याशी बोलतात, तुम्हीच बघा बरोबर आहे का.” पडद्यावर त्यांनी लिहिलं होतं — तुमची नोंद सापडली नाही. भरलेली माहिती पुसली गेली असावी. यात तुमची चूक नाही. शेवंताबाईंना सांगा, त्या कच्च्या कागदावरून पुन्हा भरून देतील.

किती सरळ होतं! आज मला ते पाठ आहे. काय झालं, कुणाची चूक नाही, आता काय करायचं, कुणाकडं जायचं. आणखी काय लागतं माणसाला?

पण मी त्यात फक्त माझं नाव बघितलं. मशीनवर माझं नाव! म्हणजे जो तो उठून माझ्याकडं येणार. मी म्हणाले, “मॅडम, माझं नाव नको.” त्या हसल्या. “का हो? मान आहे तो.” मी म्हणाले, “आणि पुसलं गेलं असं नको. बायका हादरतात. गोड काहीतरी लिहा. आपली माहिती आणत आहोत, थोडं थांबा — असं.”

त्या जरा विचारात पडल्या. “पण बाई, तार खराब असली तर थांबून येईल. पुसलेलंच असलं तर? मग थांबून काय येणार?”

आणि मी — जिला बोलता येत नाही ती मी — फाडफाड बोलले. म्हणाले, “मी बघते की. मी इथंच असते. कुणी जास्त वेळ बसलं दिसलं की मी आपणहून जाऊन सांगते. कागद काढून भरून देते. तुम्ही काळजीच करू नका.”

त्यांनी विश्वास ठेवला. पडद्यावर माझी ओळ आली, हिरव्या अक्षरांत. ‘आपली माहिती आणत आहोत. थोडं थांबा.’ पान थोड्या थोड्या वेळानं आपणच परत प्रयत्न करायचं आणि तीच ओळ परत दाखवायचं.

सुरुवातीला मी खरंच जायचे. मग एक झालं — पुष्कळदा थांबलं की खरंच यायचं. तार सुधारायची आणि पान उघडायचं. बायका खूश. कुणी हात वर करेना, कुणी चिडेना. “बगा, म्हनलं थांब, थांबलो, आलं!” मला वाटलं, बरं झालं. माझी ओळ काम करतेय. मग मी जाणं कमी केलं. मग आणखी कमी. कुणी बसलेलं दिसलं की मला भांडी घासायची आठवण यायची.

मी आडवळणं घेतेय. तुमच्या लक्षात आलं असेल. बनूचं सांगायचं आहे आणि मी मशीनचं सांगत बसले आहे.

बनू तेरा-चौदा वर्षांची. सातवी झालेली. आईबरोबर आली होती. आईचं नाव सगुणा, हे मी कच्च्या कागदावर लिहिलं म्हणून माहीत. जत तालुक्यातली माणसं, मेंढरांमागं फिरणारी. त्या दिवसांत त्यांचा कळप मिरजेच्या बाजूला कुणाच्या तरी रानात बसवलेला होता. मुलीनं चार पानं स्वतः भरली, एकेक अक्षर शोधून. पाचव्यावर शाळेचा दाखला लागत होता, तो गावाकडं. मशीननं नंबर दिला. मी चिठ्ठीवर लिहिला आणि म्हणाले, “आठ दिवसांत या.”

सगुणानं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. मग माझ्याकडं टक लावून बघत म्हणाली, “तू कुनीकडची गं?”

“सांगलीची,” मी म्हणाले.

“बोलतीयास सांगलीची. बसतीयास आमच्यावानी,” ती म्हणाली आणि हसली. मी दाराजवळ उकिडवी बसून चिठ्ठी लिहिली होती. उठून उभी राहिले.

ते तुम्हाला सांगूनच टाकते. माझं माहेर आटपाडीच्या पलीकडचं. माझा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की आम्ही निघायचो, कृष्णेच्या काठाकाठानं, आणि पाऊस लागला की परत. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा चाळीतल्या बायकांनी नाकाला पदर लावून काही बोललेलं मी ऐकलं आणि तेव्हापासून माझं माहेर ‘विट्याकडं’ झालं. तेवढंच. बोलणं बदललं, लुगडं सोडून गोल साडी आली. केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं. बनू आणि सगुणा गेल्यावर हिशेबाच्या टेबलावरच्या बाईंनी खिडकी उघडली. “लोकरीचा वास राहतो बाई मागं,” म्हणाल्या. आणि मी — हसले. मी आधी सांगितलं ना, हसलं की बोलावं लागत नाही?

मी सगुणाला आठ दिवस म्हणाले होते. पण मला ठाऊक होतं की नाही, मेंढरांमागची माणसं आठ दिवसांत येत नसतात? कळप हलवायचा असतो, रानाचा मालक सांगेल तेव्हा उठायचं असतं, गावाला जायचं तर मागं कुणीतरी ठेवावं लागतं. त्यांचे दिवस बाजारावर मोजतात, एक बाजार, दुसरा बाजार. मॅडमना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. मी एक शब्द बोलले असते तर मॅडमनी आठाचे वीस केले असते. पण मग त्यांनी विचारलं असतं — बाई, तुम्हाला कसं माहीत?

त्या तेराव्या दिवशी आल्या. अर्जाचा शेवटचा दिवस. मे महिना, दहाच्या सुमारास. बनूच्या डोक्याला तेल, हातात दाखला, तो ओला होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. मॅडम त्या दिवशी साताऱ्याला होत्या. मुलीनं नंबर घातला. मी लांबून बघत होते. हिरवी ओळ आली.

आपली माहिती आणत आहोत. थोडं थांबा.

बनूनं आईला वाचून दाखवलं. सगुणा म्हणाली, “थांबा म्हनतंय न्हवं? मग थांबू.” आणि त्या थांबल्या.

आमच्या माणसांना थांब म्हटलं की ती थांबतात. ऑफिसात थांब म्हटलं, दवाखान्यात थांब म्हटलं, बांधावर थांब म्हटलं. किती, हे विचारायचं नसतं. विचारलं तर सांगणारा चिडतो आणि काम होत नाही. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. सगुणानं मशीनलाही साहेबच धरलं.

तेरावा दिवस म्हणजे नोंद पुसलेली. पुसलेलं येत नाही. मला माहीत होतं. त्या केंद्रात त्या दिवशी हे फक्त मलाच माहीत होतं.

मी चार वेळा त्यांच्या जवळून गेले. एकदा पाणी द्यायला. एकदा झाडायला — बनूनं पाय वर घेतले. दोनदा उगाच. दुपारी त्यांनी बाकावरच भाकरी सोडली. आळीपाळीनं खाल्ली. एक खाताना दुसरी पडद्याकडं बघायची, मशीननं हाक मारली आणि आपलं लक्ष नाही असं व्हायला नको म्हणून. सगुणानं मला अर्धी भाकरी पुढं केली. “घे गं. उभीच हायस सकाळधरनं.” मी नको म्हणाले. वर ठेचा होता. वासावरूनच कळलं, खलबत्त्यातला नाही, दगडावर वाटलेला.

किल्ली कमरेला होती. कपाट दहा पावलांवर. अर्ध्या तासाचं काम.

का गेले नाही? हा प्रश्न मी मला किती वर्षं विचारतेय. गेले असते तर सांगावं लागलं असतं की सकाळीच पुसलेलं होतं, मी बघत होते. अकरा वाजता हे सोपं होतं. एक वाजता अवघड झालं. तीन वाजता — सकाळीच का सांगितलं नाहीस, असं तिनं विचारलं असतं तर? जितका वेळ गेला तितकं तोंड उघडणं जड होत गेलं. आणि जवळ बसून एका बोटानं भरायला लागले असते, तर सगुणानं माझं गाव काढलंच असतं. आटपाडी म्हटलं की बापाचं नाव. बापाचं नाव म्हटलं की, “व्हय गं! त्येंची तू?” — सगळ्यांदेखत, हिशेबाच्या बाईंदेखत. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. तिनं अजून विचारलंही नव्हतं.

पाचला केंद्र बंद व्हायचं. बनू उठून माझ्याजवळ आली. अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. “बाई, झालं असंल का वो? दाखला तिकडं साताऱ्यालाच दावायचा का? आमी दिवसभर थांबलोय.”

मी मान हलवली. हो, म्हणून.

तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. “मग आता ही लागायची न्हाई.” आणि आईकडं पळाली. सगुणा दारातून वळून म्हणाली, “येतो गं बाय. लय उपकार.” त्यांच्या मागं मी मशीन बंद केलं. बंद होईपर्यंत पडद्यावर ती ओळ होतीच.

तिसरीत असताना मीही अशी एकदा उभी होते. सहा-सात महिने कळपामागं राहून गावी परतलो होतो आणि मी पाटी घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी हजेरी काढून बघितली. “शेवंते, तुझं नाव पटावरनं कमी झालंय,” म्हणाले. मी रडायला लागले. ते म्हणाले, “रडतीस कशाला? तुझी चूक न्हाई. उद्या बापाला घिऊन ये, परत घालू. आज बस.” दुसऱ्या दिवशी बाप आला, अंगठा केला, माझं नाव परत चढलं. म्हणून माझी चौथी झाली. म्हणून मी हे लिहू शकतेय. नाव गेलेल्या पोरीला काय सांगायचं असतं हे मला कुणी शिकवायची गरज होती का? मला तर ते एकदा मिळालेलं होतं.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं. त्या दिवशी मला कामासाठी साताऱ्याला पाठवलं होतं. फाटकाशी टेबल टाकून वसतिगृहाच्या बाई यादीतली नावं बघत होत्या, मी त्यांच्या बाजूला. दुपारच्या आधी त्या दोघी आल्या. बनूच्या हातात पत्र्याची नवी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलेलं, ‘बनू’मधला ऊकार वाळायच्या आधी ओघळलेला. सगुणाच्या डोक्यावर घोंगडी — घरच्या लोकरीची, काळी, लेकीला हॉस्टेलला थंडी वाजू नये म्हणून.

यादीत नाव नव्हतं. बाईंनी दोनदा बघितलं. वाईट नव्हत्या त्या, शांतपणे सांगितलं.

सगुणाला ते कळेना. ती भांडली नाही. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, जणू तेवढं सांगितलं की पुरे. “आवं, आमी थांबलो हुतो की. मशिनीनं थांबाय सांगितलं, आमी दिस मावळंस्तवर हललो न्हाई.”

मग बनूनं मला बघितलं. तिचा चेहरा — तो मी लिहू शकत नाही. ती म्हणाली, “आये, ह्या बघ त्या बाई! ह्यास्नी इचार.” सगुणानं वळून बघितलं आणि तिलाही हायसं वाटलं. “व्हय की! बाय, तू सांग गं ह्यास्नी. तू हुतीस न्हवं?”

वसतिगृहाच्या बाईंनी मला विचारलं, “ओळखता का यांना?”

मी माझ्या सांगलीच्या भाषेत, स्वच्छ, म्हणाले, “नाही आठवत. खूप जण येतात.”

बनू बोलायला गेली. सगुणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे, बने. बाईस्नी लय मानसं भेटत्यात. कुटं ध्यानात ऱ्हायचं?” आणि ट्रंक उचलली. माझ्या वतीनं सबबसुद्धा तिनंच शोधली. मी ती घेतली नाही असं म्हणू का? त्या क्षणी घेतलीच होती.

पुढं बनूचं काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. जत, आटपाडी, दोन्ही बाजूंची माणसं बाजारात भेटतात, एक शब्द टाकला असता तर कळलं असतं. टाकला नाही.

मॅडमनी नंतर मला विचारलं, “बाई, त्या ओळीमुळं कुणाचा खोळंबा तर नाही झाला?” मी नाही म्हणाले. पुढच्या वर्षी केंद्र बघायला पाहुणे आले, तेव्हा मॅडमनी मला हात धरून पुढं आणलं आणि सांगितलं, चूक झाली तरी माणसाला घाबरवायचं नाही, हे आमच्या शेवंताबाईंनी शिकवलं. टाळ्या वाजल्या. मी लाजाळू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं मी मान खाली घातली त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

इथं थांबले तर तुम्हाला वाटेल, झालं सांगून. पण फाटकाशी घडलेलं मी सगळं लिहिलं नाही. वर पटकन ‘कामासाठी पाठवलं होतं’ लिहून पुढं गेले. काम काय होतं ते सांगते.

मॅडमना धाकधूक होती की मशीननं एखाद्या मुलीचं नाव गाळलं असेल. म्हणून त्यांनी मला सांगलीची कच्च्या कागदांची फाइल घेऊन पाठवलं होतं. ठरलं असं होतं — यादीत नाव नसेल आणि फाइलीत कागद असेल, तर मुलीला आत घ्यायचं, बाकीचं मागाहून बघू. सकाळी दोघींना तसं घेतलं होतं. मी कागद काढून दिले होते. त्यातल्या एकीच्या आईनं माझ्या पायाला हात लावला होता.

बनूच्या वेळीही वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं. मी “नाही आठवत” म्हणाले, त्यानंतर विचारलं — “फाइलीत तरी कागद आहे का बघा.”

कागद माझ्या अक्षरातला होता. वर पहिल्या भेटीची तारीख होती, खाली मीच लिहिलेलं ‘दाखला बाकी’. तो दिला असता तर मी आत्ताच खोटं बोलले हे उघड झालं असतं. सगुणा समोर उभी होती, डोक्यावर घोंगडी घेऊन. मी फाइल उघडली. पानं उलटली. एक, दोन. तिसऱ्यावर बनूचं नाव होतं. मी ते पान पुढच्या पानाबरोबर मिळून उलटलं आणि शेवटपर्यंत गेले, सावकाश, नीट शोधल्यासारखी.

मग मी फाइल मिटली आणि नाही म्हणाले.